ईश्वरसाक्ष शपथ आणि गांभीर्यपूर्वक दृढकथन : लोकशाही राखण्यात ख्रिस्ती श्रद्धेचा आणि नास्तिकतेचा वाटा

शाहूपुरीकर (धागाकर्ता)

नमस्कार. मी कोल्हापुरात तीस वर्षे शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले. मी जन्माने आणि श्रद्धेनेही ख्रिस्ती आहे. आमच्या मंडळीत मी बरीच वर्षे वडील म्हणून सेवा केली आहे. (इतर वाचकांसाठी सांगतो : मंडळीच्या सभासदांनी मते देऊन निवडलेल्या कारभाऱ्याला आमच्याकडे ‘वडील’ म्हणतात.)

गेल्या महिन्यात माझे एक जुने स्नेही वारले. ते ठाम नास्तिक होते. पहाटे रंकाळ्यावर फिरताना आमचा वाद सुरू होई आणि घरी परतेपर्यंत तो संपत नसे. कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० तारखेला ते गेले. त्यानंतर दर महिन्याच्या २० तारखेला जो निर्भय मॉर्निंग वॉक निघू लागला, त्यात आम्ही दोघे बरोबर चालत असू. स्नेह्यांच्या इच्छेप्रमाणे कोणताही विधी न करता त्यांचे देहदान झाले आणि शोकसभेत बोलण्याचे काम घरच्यांनी माझ्याकडे दिले. सभेनंतर त्यांच्या नातवाने मला विचारले, “आजोबा म्हणायचे की ज्याला देवापुढे वाकायची सवय लागते, तो सत्तेपुढेही वाकतो. मग तुम्ही दोघे बरोबर कसे चालत होता?” पुढच्याच रविवारी उपासनेनंतर मंडळीतील एका गृहस्थांनी मला याच्या अगदी उलट ऐकवले : ज्याला देवाचे भय नाही, त्याला राज्यघटनेचे तरी भय कशाला वाटेल?

ही दोन्ही मते मला चुकीची वाटतात. का वाटतात, ते एका जुन्या प्रकरणाच्या आधारे मांडतो.

चार्ल्स ब्रॅडलॉ हे इंग्लंडमधील नास्तिक १८८० साली नॉर्दम्प्टनमधून संसदेवर निवडून आले. देवाच्या नावाने शपथ घेण्याऐवजी केवळ दृढकथन करण्याची (म्हणजे देवाचे नाव न घेता गांभीर्याने वचन देण्याची) परवानगी त्यांनी मागितली, ती नाकारली गेली. मग ते शपथ घ्यायला तयार झाले, तर नास्तिकाच्या तोंडची शपथ पोकळ ठरेल म्हणून तीही घेऊ दिली नाही. त्यांची जागा रिकामी ठरवली गेली, तरी पोटनिवडणुकांत मतदारांनी त्यांनाच पुन्हा पुन्हा निवडून पाठवले. अखेर जानेवारी १८८६ मध्ये त्यांना आपल्या जागेवर बसता आले आणि १८८८ साली त्यांच्याच प्रयत्नाने शपथेचा कायदा बदलला. १८८९ च्या डिसेंबरात काँग्रेसच्या मुंबई अधिवेशनाला ते आले होते आणि हिंदुस्थानच्या बाजूने संसदेत इतके बोलत की लोक त्यांना ‘हिंदुस्थानचे सभासद’ म्हणत.

मात्र मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो १८८३ चा प्रसंग. दृढकथनाची मुभा देणारे विधेयक त्या वर्षी सरकारने आणले आणि त्याच्या बाजूने सर्वांत तळमळीचे भाषण पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी केले. ते इतके धार्मिक होते की ईश्वरशास्त्रावर त्यांनी ग्रंथ लिहिले होते, आणि ब्रॅडलॉ यांची मते त्यांना मनापासून अमान्य होती. तरीही नास्तिकाला दाराबाहेर ठेवल्याने धर्माचे रक्षण होत नाही, हे त्यांनी सभागृहाला परोपरीने सांगितले. विधेयक २९२ विरुद्ध २८९ असे तीन मतांनी पडले.

मला जे म्हणायचे आहे ते या प्रसंगात आले आहे. स्वतःला न पटणाऱ्या विवेकबुद्धीसाठी जो उभा राहतो, तो लोकशाही राखतो. ग्लॅडस्टनना हे बळ श्रद्धेने दिले, ब्रॅडलॉंना अश्रद्धेने. आपणा सर्वांची मते वाचायला आवडेल, विरोधी मते विशेष.

बिंदू चौक

शाहूपुरीकर सर, आपल्या स्नेह्यांना मी ओळखत होतो, आणि शोकसभेतील आपले भाषण मी मागच्या रांगेत बसून ऐकले. त्यामुळे हा विरोध आदराने नोंदवतो.

ग्लॅडस्टन यांचे उदाहरण खरे आहे, पण ते एका व्यक्तीचे उदाहरण आहे. त्याच वेळी चर्च नावाची संस्था कुठे होती? इंग्लंडमधील कॅथलिकांचे प्रमुख कार्डिनल मॅनिंग यांनी ब्रॅडलॉंच्या विरोधात उघड मोहीम चालवली आणि प्रस्थापित चर्चचे बहुतेक पुढारी त्याच बाजूला होते. प्रश्न व्यक्तींच्या चांगुलपणाचा असता तर धागाच काढावा लागला नसता.

जर्मनीत जुलै १९३३ मध्ये प्रॉटेस्टंट चर्चच्या अंतर्गत निवडणुका झाल्या, तेव्हा नाझींना अनुकूल असलेल्या ‘जर्मन ख्रिस्ती’ गटाला सभासदांनी मोठ्या बहुमताने निवडून दिले. म्हणजे ज्या वडीलमंडळाच्या निवडणुकीचा आपण अभिमानाने उल्लेख करता, तीच पद्धत तिथे लोकशाहीच्या शत्रूंच्या कामी आली. त्याच महिन्यात व्हॅटिकनने हिटलरच्या सरकारशी करार केला. स्पेनमध्ये बहुतेक बिशपांनी १९३७ साली सामुदायिक पत्र काढून बंडखोर सेनापती फ्रँकोच्या बाजूला आपले वजन टाकले, तेही निवडून आलेल्या प्रजासत्ताकाविरुद्ध.

इतके दूर जायचीही गरज नाही. केरळमध्ये १९५७ साली ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचे कम्युनिस्ट सरकार मतपेटीतून सत्तेवर आले. देव न मानणारी माणसे मते मागून आली होती आणि विधानसभेत कायदे करत होती. त्यांच्या शिक्षण विधेयकाने खासगी शाळांच्या व्यवस्थापनाला हात लावताच कॅथलिक चर्च आणि नायर सर्व्हिस सोसायटी रस्त्यावर उतरल्या, ‘विमोचन समर’ (सरकारविरोधी ‘मुक्तिलढा’) झाले आणि ३१ जुलै १९५९ रोजी केंद्राने ते सरकार बरखास्त केले. त्या वर्षी लोकशाही कोणी राखली आणि कोणी मोडली, हे आपण नागरिकशास्त्राच्या तासाला काय सांगत होता, हे जाणून घ्यायचे आहे.

जयसिंगपूरची लेक

बिंदू चौक दादा, आपण दिलेली उदाहरणे नाकारता येणार नाहीत. मीही कॉलेजात इतिहास शिकवते. पण ती अर्ध्यावर थांबतात. १९३३ च्या त्या निवडणुकीनंतर दहा महिन्यांनी बार्मेन येथे जर्मन पाळक आणि सभासद जमले आणि चर्चने राज्यसत्तेचे हत्यार होणे नाकारणारे घोषणापत्र त्यांनी मंजूर केले. बहुमत त्यांच्या विरोधात होते. याच विरोधी प्रवाहातले पाळक डिट्रिख बोनहोफर यांना ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी देण्यात आले. बार्मेनच्या मंडळींनाही ज्यूंसाठी जितके बोलायला हवे होते तितके बोलता आले नाही, हे मी विद्यार्थ्यांना सांगते, कारण त्यांना संत करून ठेवले तर त्यांच्याकडून शिकण्यासारखे काही उरत नाही.

पोलंडबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण धाग्याच्या विषयाला त्याइतके जवळचे उदाहरण मला दुसरे दिसत नाही. जून १९७६ मध्ये राडोम आणि उर्सुस येथील कामगारांनी भाववाढीविरुद्ध संप केला. त्यांना मारहाण झाली, तुरुंगवास झाला, नोकऱ्या गेल्या. त्यांच्या खटल्यांचा आणि कुटुंबांचा भार उचलण्यासाठी त्या सप्टेंबरात एक समिती स्थापन झाली. तिचे संस्थापक कोण होते? यात्सेक कुरोन, जे देव मानत नव्हते आणि डाव्या चळवळीतून आले होते, आणि यान झिया, जे वयोवृद्ध कॅथलिक धर्मगुरू होते. एका बाजूला चर्चला प्रतिगामी मानत आलेले बुद्धिवादी, दुसऱ्या बाजूला डाव्यांना देवद्रोही मानत आलेले श्रद्धाळू. आधी बसून तत्त्वज्ञान जुळवायचे आणि मग काम करायचे, असे त्यांनी केले नाही. तुरुंगातल्या कामगाराच्या घरी पैसे पोचवायचे होते, त्या कामात ते एकमेकांना ओळखू लागले. १९७९ ची पोपची भेट, १९८० ची ‘सॉलिडॅरिटी’ ही स्वतंत्र कामगार संघटना आणि १९८४ साली गुप्त पोलिसांनी ठार केलेले धर्मगुरू येझी पॉपिएउश्को हे सर्वांना माहीत असते. ही आधीची लहान समिती मात्र पाठ्यपुस्तकात सापडत नाही.

कम्युनिस्ट राजवटीतील पूर्व जर्मनीच्या लायप्झिगमध्येही तेच. तिथल्या सेंट निकोलस चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी शांततेसाठी प्रार्थना होत असे. ९ ऑक्टोबर १९८९ च्या सोमवारी प्रार्थनेनंतर सुमारे सत्तर हजार लोक रस्त्यावर आले आणि गोळीबाराची तयारी असूनही गोळी चालली नाही. त्या बाकांवर बसणाऱ्यांत श्रद्धा नसलेले पुष्कळ होते. सगळीकडे पहारा असताना चर्चचे दार तेवढे उघडे होते, म्हणून ते आत आले. आणि दारावर कोणी त्यांची श्रद्धा तपासली नाही.

गारगोटीकर

चर्चा चांगली चालली आहे, पण मला एक मूलभूत शंका आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात ख्रिस्ती २.३ टक्के आहेत, आणि नास्तिक तर त्याहून कितीतरी कमी. आपली लोकशाही राखली ती ना चर्चने ना नास्तिकांनी. ती साध्या, देवभोळ्या, वारीला जाणाऱ्या मतदाराने राखली. आणीबाणीनंतर १९७७ साली त्यानेच निकाल दिला. लंडन आणि लायप्झिगचा कोल्हापूरशी काय संबंध?

शाहूपुरीकर (धागाकर्ता)

आधी बिंदू चौक यांना उत्तर देतो, कारण त्यांचा प्रश्न थेट माझ्या तासाबद्दल आहे.

केरळच्या १९५९ च्या बरखास्तीबद्दल मी वर्गात फक्त तारीख आणि राष्ट्रपती राजवटीचे कलम ३५६ सांगत असे. त्यापुढे जात नसे, आणि तो माझा दोष होता. त्या विधेयकात खासगी शाळांतील शिक्षकांचा पगार सरकारने थेट द्यावा आणि नेमणुका संस्थाचालकांच्या मर्जीवर सोडू नयेत, अशी तरतूद होती. मी स्वतः अनुदानित शाळेत नोकरी केली. व्यवस्थापनाची मर्जी म्हणजे काय, हे उमेदवारीच्या दोन वर्षांत मी पुरेपूर अनुभवले आहे. पगाराच्या पावतीवरचा आकडा आणि हातात पडणारी रक्कम यांत तेव्हा फरक असे. असे असूनही माझ्या धर्मबांधवांनी शिक्षकाच्या बाजूने नव्हे तर व्यवस्थापनाच्या बाजूने निवडून आलेले सरकार पाडायला हातभार लावला, हे मला उघडपणे म्हणता आले नाही. आज म्हणतो. विधेयकातील काही तरतुदींवर सर्वोच्च न्यायालयानेही आक्षेप घेतले होते आणि अल्पसंख्याकांच्या शाळांची चिंता सर्वस्वी खोटी नव्हती. पण त्यावरचा उपाय न्यायालयात आणि पुढच्या निवडणुकीत होता.

आमच्या पवित्र शास्त्रात दोन्ही वाटा आहेत. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात अधिकाऱ्यांच्या अधीन राहायला सांगितले आहे, आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात पेत्र अधिकाऱ्यांच्या तोंडावर सांगतो की आम्हाला माणसांपेक्षा देवाचे ऐकले पाहिजे. हुकूमशाहीत जे पाळक गप्प बसले त्यांनी पहिला अध्याय वाचला, जे तुरुंगात गेले त्यांनी दुसरा. माझे स्नेही यावर नेहमी म्हणत, की ज्या पुस्तकातून दोन्ही निघते त्याचा आधार कशाला घ्यायचा? मी त्यांना सांगत असे की राज्याच्या वर कुणीतरी आहे, एवढे जरी सामान्य माणसाच्या मनात पक्के बसले, तरी कोणत्याही सरकारला त्याला पूर्णपणे आपलेसे करता येत नाही. हे त्यांना शेवटपर्यंत पटले नाही.

आता मीही बिंदू चौक यांना एक प्रश्न विचारतो. रशियात निवडून आलेली संविधानसभा बोल्शेविकांनी जानेवारी १९१८ मध्ये पांगवली. पुढे लढाऊ नास्तिकांचा संघ निघाला. १९३१ साली मॉस्कोतील ख्रिस्त तारणहाराचे कॅथेड्रल सुरुंग लावून उडवले. अल्बानियाने १९६७ साली स्वतःला नास्तिक राष्ट्र म्हणवून प्रार्थनास्थळे बंद केली. याचा हिशेब आपण कसा देता?

गारगोटीकर, आपल्या शंकेवर आपले वकील सभासद दसरा चौक किंवा जयसिंगपूरच्या ताई लिहितील अशी आशा आहे. मी फक्त एवढेच म्हणतो की १९७७ चा मतदार तुम्ही म्हणता तसाच होता, आणि त्याचे श्रेय मी कुणाला वाटून देणार नाही.

बिंदू चौक

सर, आपण केरळबद्दल जितके स्पष्ट लिहिले तितकेच स्पष्ट उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. ‘ते खरे नास्तिक नव्हते’ ही पळवाट मी घेणार नाही. ते नास्तिक होते, आणि नास्तिकता हा त्यांनी राज्याचा धर्म केला. अल्बानियात घरात प्रार्थना करणाऱ्या माणसाला शिक्षा झाली, ती माझ्यासारखे विचार असणाऱ्यांनी केली. विचाराच्या हाती पोलीस ठाणे आले की तो विचार राहत नाही, हे आमच्या बाजूने शिकायला फार जीव घेतले.

म्हणूनच महाराष्ट्रातला दुसरा नमुना मला मोलाचा वाटतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः देव मानत नव्हते, पण अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका देवाधर्माविरुद्ध कधीच नव्हती. ती शोषणाविरुद्ध होती. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी दीड दशकाहून अधिक काळ आमदारांचे उंबरे झिजवले, मसुदे बदलले, वारकरी प्रतिनिधींशी बैठका केल्या. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला. ज्याला आपला विचार लादायचा असतो तो इतकी वर्षे विधानसभेच्या पायऱ्यांवर काढत नाही.

दुसरे नाव सासवडला जन्मलेल्या न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांचे. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या मूलगामी मानवतावादातून आलेला हा निरीश्वरवादी माणूस मुंबई उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होता. १९७४ साली जयप्रकाशांबरोबर त्यांनी ‘सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी’ उभी केली आणि आणीबाणी चालू असतानाच १९७६ मध्ये नागरी स्वातंत्र्यांसाठी स्थापन झालेल्या संघटनेत ते अग्रभागी होते. गारगोटीकर, १९७७ च्या मतदाराला मी वंदन करतो. पण त्या मतदानाच्या दिवसापर्यंत स्थानबद्धांच्या बाजूने न्यायालयात कोणीतरी उभे राहावे लागले, आणि त्यासाठी संख्या लागत नाही.

जयसिंगपूरची लेक

गारगोटीकर दादांच्या प्रश्नाला माझे उत्तर पुण्यातून जाते. जोतीराव फुले १८४० च्या दशकात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि सावित्रीबाईंनी अहमदनगरच्या अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार यांच्याकडे शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले. त्याच जोतीरावांवर टॉमस पेन यांच्या मानवी हक्कांवरील ग्रंथाचा खोल ठसा उमटला, आणि पेन म्हणजे चर्चवर घणाघात करणारा लेखक (पण नास्तिक नव्हे, तो एक निर्माता मानत असे). मिशनची शाळा आणि चर्चच्या टीकाकाराचा ग्रंथ, या दोन्हींतून शिकून जोतीराव ना ख्रिस्ती झाले ना नास्तिक. त्यांनी ‘निर्मिक’ मानला आणि २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज काढला. १९११ साली त्याची शाखा कोल्हापुरात आली, आणि त्या वातावरणात शाहू महाराजांनी वसतिगृहे, शिक्षण आणि राखीव जागा यांचे काम पुढे नेले. महाराजांच्या काळातील वसतिगृहांच्या मालिकेत ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठीही एक होते.

कोल्हापुरात रॉयल वाइल्डर १८५२ साली आले आणि त्यांनी शाळा काढल्या. ते लोकशाहीसाठी आले नव्हते, धर्मप्रसारासाठी आले होते, आणि परक्या सत्तेच्या छायेखाली आले होते. तरीही ज्यांना अक्षर बंद होते त्यांच्या हाती पाटी आली. आधी वाचणारा माणूस हवा, मग मतपत्रिका.

दसरा चौक

मी वकिली करतो, म्हणून माझा प्रतिसाद कागदपत्रांपुरता ठेवतो.

१७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधानसभेत ह. वि. कामत यांनी दुरुस्ती मांडली की उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ अशी व्हावी. अनेक सभासदांना ती अस्वस्थ करणारी वाटली. हृदयनाथ कुंझरू यांनी सांगितले की ज्या बाबतीत प्रत्येकाला मोकळीक असावी, तिथे सामूहिक मत लादणे योग्य नाही. पूर्णिमा बॅनर्जी यांनी कामतांना विनंती केली की देवाला मताला टाकण्याची वेळ आणू नका. कामत मागे हटले नाहीत. मतदान झाले : बाजूने ४१, विरोधात ६८. विरोधात मत देणाऱ्यांत देवपूजा करणारे भरपूर होते, हे उघड आहे; त्या सभागृहात नास्तिकांचे बहुमत नव्हते. ग्लॅडस्टन यांचे १८८३ साली तीन मतांनी पडलेले म्हणणे, दिल्लीत सत्तावीस मतांनी निवडून आले असे मी समजतो.

त्याच संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत शपथेचे नमुने आहेत. त्यात ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ आणि ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ हे दोन पर्याय दिले आहेत. ब्रॅडलॉंना ज्यासाठी सहा वर्षे भांडावे लागले, ते आपल्याकडे पहिल्या दिवसापासून छापलेले आहे.

संविधानसभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी बंगाली ख्रिस्ती होते आणि अल्पसंख्याकविषयक उपसमितीचे अध्यक्षही होते. धार्मिक अल्पसंख्याकांसाठी कायदेमंडळातील राखीव जागा ठेवू नयेत, या १९४९ च्या निर्णयात त्यांचा पुढाकार होता. तो निर्णय योग्य होता की नाही यावर मतभेद असू शकतात. पण ‘आम्हाला वेगळा मतदार नको, सर्वांची मते मागून येऊ’ असे एका लहान समाजाच्या माणसाने म्हणणे, याला धैर्य लागते.

आणखी दोन निकाल. केरळमधील यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाच्या तीन मुलांनी राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहूनही ते गायला नकार दिला, म्हणून त्यांना शाळेतून काढले. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. आणि २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की आपला कोणताही धर्म नाही असे म्हणण्याचा हक्क कलम २५ मध्येच सामावलेला आहे, आणि सरकार कुणालाही धर्म जाहीर करायला भाग पाडू शकत नाही. हा दुसरा निकाल नास्तिकांच्या फार उपयोगाचा आहे. तो मिळवला मात्र येशूवर विश्वास ठेवणाऱ्या, पण स्वतःला कोणत्याही संघटित धर्माचे न मानणाऱ्या अर्जदारांनी. बिंदू चौक यांना हे माहीत असेलच.

बिंदू चौक

अर्जदार कोण होते हे मला माहीत नव्हते. आम्ही तो निकाल अनेक सभांत सांगितला आहे. यापुढे पूर्ण सांगू.

गारगोटीकर

४१ आणि ६८ हे आकडे मीही पहिल्यांदाच वाचले. माझा आक्षेप मागे घेत नाही, पण ज्या देवभोळ्या मतदाराबद्दल मी लिहिले, त्याच्यासारखेच कुणीतरी त्या ६८ मध्ये बसले होते, हे मान्य करतो. दसरा चौक, त्या दिवसाचे कामकाज मराठीतून वाचायला मिळेल का?

शाहूपुरीकर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. काल स्नेह्यांच्या घरी गेलो होतो. नातवाला १८८३ चे विधेयक आणि १९४९ ची दुरुस्ती हे दोन्ही प्रसंग सांगितले. त्याने विचारले की आजोबांना हे माहीत होते का. ब्रॅडलॉ त्यांनीच मला सांगितले होते, ग्लॅडस्टन मी त्यांना. आणि १९४९ चे मतदान आम्हा दोघांनाही अपुरेच ठाऊक होते.

गारगोटीकर, त्या दिवसाच्या कामकाजाची ती पाने मी मराठीत उतरवायला घेतली आहेत. कायद्याचे शब्द दसरा चौक यांनी तपासून द्यावेत ही विनंती. मंडळीच्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचून झाल्यावर अर्धा तास मोकळा असतो; वडीलमंडळाने परवानगी दिली तर ती पाने तिथे मोठ्याने वाचणार आहे, आणि स्नेह्यांच्या नातवाला ऐकायला बोलावले आहे. बिंदू चौक, आपणही यावे. दारावर कोणी काही विचारणार नाही.